पान्हा चोरणारी गाय आणि नाकातला फवारा

पत्र:

डॉक्टर, नमस्कार. आम्ही दिंडोरी तालुक्यातले. चार एकर द्राक्षबाग, दोन गाई, सासूबाई आणि दोन मुलं. तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात सासरे गेले आणि त्याच हंगामात अवकाळीनं बाग गेली. तेव्हापासून मिस्टरांचं बोलणंच आटलंय. भांडत नाहीत, पीत नाहीत, कामाला चुकत नाहीत. घरात असून नसल्यासारखे. रात्री दोनला उठून बागेत चक्कर मारतात. जेवण निम्म्यावर आलंय.

माझ्या भावानं फारच धरलं म्हणून दोन महिन्यांपासून दर गुरुवारी संध्याकाळी सहाला आम्ही दोघं कॉलेज रोडला एका समुपदेशक मॅडमकडे जातो. मॅडम चांगल्या आहेत. पण हे हाताची घडी घालून बसतात. “तुम्हाला काय वाटतं?” असं विचारलं तर म्हणतात, “वाटायचं काय त्यात.” पाऊण तासात चार वाक्यं होतात. येताना म्हसरूळच्या पुढे एका टपरीवर चहा-भजी खातो, तिथे मात्र कधीतरी बोलतात. मागच्या गुरुवारी बाकड्यावर बसल्या बसल्या आपणहून म्हणाले, “आबांच्या दहाव्याला रामकुंडावर कावळा शिवेना. सगळे कावळ्यासाठी वर बघत होते, मी ढग बघत होतो. घरी आलो अन् त्याच दुपारी डाऊनीची फवारणी केली.” एवढंच. (डाऊनी म्हणजे ढगाळ हवेत द्राक्षवेलीवर पडणारा बुरशीचा रोग.) कप ठेवला आणि गाडी काढली.

माझा भाचा बी. फार्म.ला आहे. तो म्हणतो, ऑक्सिटोसिन नावाचं ‘प्रेमाचं हार्मोन’ असतं, परदेशात समुपदेशनाच्या आधी ते नाकात मारतात, माणूस मोकळा होतो. ऑनलाइन बाटली मिळते म्हणे. मिस्टर धुळीच्या ॲलर्जीसाठी नाकातला स्प्रे वापरतातच. त्याच बाटलीत हे भरलं तर त्यांना कळणारही नाही. भरू का? गोठेवाले म्हशीला टोचतात ते हेच का? आणि त्यानं ते बोलायला लागलेच, तर ते बोलणं त्यांचं की बाटलीचं?

– एक वाचक

ताई,

बाटलीत काही भरू नका. हे आधी सांगून टाकते, कारण भाच्यानं एव्हाना ऑर्डर दिलीही असेल.

मधल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. हो, तेच ते. धारेच्या आधी म्हशीला चोरून टोचतात ते, बाळंतपणात कळा याव्यात म्हणून सलाइनमधून देतात ते आणि भाच्यानं वाचलेलं ‘प्रेमाचं हार्मोन’, तिन्ही एकच. नऊ अमिनो आम्लांची एवढीशी माळ. मेंदूतच तयार होते आणि पिट्युटरी ग्रंथीच्या मागच्या भागातून रक्तात सोडली जाते. हेन्री डेल या इंग्रज शास्त्रज्ञाला १९०६ साली या ग्रंथीच्या अर्कानं मांजरीचं गर्भाशय आकुंचन पावतं असं दिसलं. १९५३ मध्ये अमेरिकेत विन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी हे हार्मोन प्रयोगशाळेत बनवलं आणि १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. नावाचा ग्रीक अर्थ ‘झटपट प्रसूती’. प्रेमाचा त्यात कुठे उल्लेख नाही, ते लेबल फार नंतर चिकटलं. तबेल्यांतला गैरवापर इतका वाढला की २०१८ मध्ये केंद्र सरकारनं खासगी कंपन्यांना देशातल्या विक्रीसाठी ते बनवायलाच बंदी घातली होती. बाळंतिणींचा रक्तस्राव थांबवायला लागणारं औषध तुटायला नको म्हणून मोठा वाद झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयानं ती बंदी रद्द केली. म्हणजे ज्या औषधासाठी सरकार कोर्टात उभं राहतं, ते तुम्ही सर्दीच्या बाटलीत भरायला निघालात!

पण गोठ्याची आठवण तुम्ही काढलीत ते बरं झालं. माझं आजोळ निफाडकडचं. मी आठ-नऊ वर्षांची असताना मुंबईचे मामा सुट्टीत आले आणि हौसेनं धार काढायला बसले. पायजमा वर खोचलेला, गुडघ्यांत पितळी चरवी. आचळं ओढतायत, चरवीत दोन थेंब. आणखी जोरात ओढतायत. गाय मान वळवून त्यांच्याकडे बघतेय आणि मागचा पाय उचलू की नको असा विचार करतेय. आजी चुलीपाशी होती, ती तिथूनच ओरडली, “ऊठ तिथनं, पान्हा चोरला तिनं.” मग स्वतः आली. आधी गव्हाणीत मूठभर सरकी टाकली, वासरू सोडलं, त्याला दोन ढुशा मारू दिल्या, कास कोमट पाण्यानं धुतली, गाईच्या पाठीवरून हात फिरवला. घाई कसलीच नाही. मग बसली, तर चरवीत फेस.

पुढे मेडिकलला शरीरशास्त्र शिकताना मला आजी आठवली. वासराची ढुशी लागली, ओळखीचा हात लागला की गाईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं, रक्तावाटे कासेत पोचतं, तिथल्या दुधाच्या पिशव्यांभोवतीच्या पेशी आवळल्या जातात आणि पान्हा उतरतो. गाय घाबरली की ॲड्रेनालिन आडवं येतं आणि हे सगळं थांबतं. दूध कासेत असतंच, खाली येत नाही. मामा ओढत होते तितकी ती जास्त घाबरत होती. म्हशीला टोचलं की दूध येतं, कारण कासेतलं काम निव्वळ पिळण्याचं आहे. मनाला तसा पिळायचा स्नायू कुठेच नाही. शास्त्रज्ञांनाही हे कळायला वेळ लागला.

२००५ मध्ये झुरिचच्या संशोधकांनी जाहीर केलं की नाकात ऑक्सिटोसिन मारलेले लोक पैशांच्या खेळात अनोळखी माणसावर जास्त विश्वास टाकतात. ‘नेचर’सारख्या नियतकालिकात ते छापून आलं आणि जगभर मथळे झाले. तुमचा भाचा अजून त्याच मथळ्यांत आहे. २०२० मध्ये तोच प्रयोग जास्त माणसं घेऊन केला तेव्हा तो परिणाम काही दिसला नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत ऑटिझम असलेल्या २९० मुलांना २४ आठवडे हा फवारा दिला. खोटा फवारा मिळालेल्या मुलांच्या तुलनेत फरक नाही. आणि ज्या प्राण्यामुळे हे ‘प्रेमाचं हार्मोन’ प्रकरण मुळात गाजलं, तो अमेरिकेच्या माळरानावरचा, जन्मभर जोडीनं राहणारा उंदरासारखा व्होल, त्याच्या शरीरातली ऑक्सिटोसिनची ग्राहीच, म्हणजे ते पकडणारी पेशींवरची जागाच, जनुकं बदलून काढून टाकली, तरी त्यांनी जोड्या केल्याच. हे २०२३ मधलं. मला या बातमीनं फार आनंद झाला होता, का ते नीट सांगता येणार नाही.

आता तुमच्या घराच्या सगळ्यात जवळचा प्रयोग. २०१३ मध्ये अमेरिकेत नैराश्य असलेल्या काही पुरुषांना समुपदेशनाच्या सत्राआधी ऑक्सिटोसिनचा एक डोस नाकात दिला. म्हणजे जवळजवळ तुमच्या मिस्टरांसारखीच माणसं, तीच वेळ, तोच फवारा. झालं काय? डोळ्यांवरून समोरच्याच्या मनातलं ओळखणं त्यांना थोडं जास्त जमलं, पण सत्र चालू असताना त्यांची अस्वस्थता वाढली. अभ्यास छोटा होता, त्यावर इमले बांधू नयेत. तरी कल्पना करून बघा. कॉलेज रोडची ती खोली, समोर मॅडम, शेजारी तुम्ही आणि दोघींच्या डोळ्यांत ‘आता तरी बोला’. ते डोळे यांना आणखी स्वच्छ वाचता यायला लागले तर हे बोलतील की हाताची घडी आणखी घट्ट करतील?

आणखी एक. २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी पुरुषांना ऑक्सिटोसिन देऊन लहानपणची आई कशी होती ते विचारलं. ज्यांचा नात्यांवर मुळातच भरवसा होता त्यांना आई जास्त मायाळू आठवली. ज्यांना नात्यांत सतत धाकधूक होती त्यांना तीच आई कमी मायेची, जास्त दूरची आठवली. डोस एकच, बाटली एकच. तुमचे मिस्टर आणि आबा यांच्यात काय होतं, मला माहीत नाही. तुम्हालाही पूर्ण माहीत असेल असं वाटत नाही. ते झाकण कुणाच्या नकळत उचलायचं नसतं.

तुम्ही बागायतदार, तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. जीए, म्हणजे जिबरेलिक ॲसिड, हे संजीवकच, म्हणजे झाडाचं हार्मोनच. फुलोऱ्याआधी फवारलं की घड लांबतो. फुलोऱ्यात दिलं तर विरळणी होते. मणी तीन-चार मिलिमीटरचा झाल्यावर डिपिंग केलं, म्हणजे घड त्यात बुडवला, तर तो फुगतो. पुडी तीच, पण वेळ चुकली, पीपीएम म्हणजे प्रमाण चुकलं, तर काय होतं ते तुमच्या मिस्टरांना विचारा. बहुधा त्यावर ते चारपेक्षा जास्त वाक्यं बोलतील! वेलीच्या बाबतीत एवढी काटेकोर असलेली माणसं नवऱ्याच्या नाकात अंदाजपंचे काहीही मारायला निघतात, याचं मला नवल वाटलं.

हार्मोन आणि समुपदेशन यांची सांगड घालणं हा वेडेपणा आहे असं मात्र मी म्हणणार नाही. बाझलच्या डॉक्टरांनी २०११ मध्ये उंचीची भीती असलेल्या ४० जणांवर प्रयोग केला. त्यातल्या निम्म्यांना सत्राच्या तासभर आधी कॉर्टिसॉल या ताणाच्या हार्मोनची २० मिलिग्रॅमची गोळी दिली, बाकीच्यांना खोटी, आणि मग सगळ्यांना आभासी उंचीवर नेलं. अशी तीन सत्रं झाली. कॉर्टिसॉलवाल्यांची भीती जास्त उतरली. हे हार्मोन जुनी भीती आठवू देत नाही आणि नवा, न घाबरल्याचा अनुभव पक्का करतं, असं त्यामागचं गणित. कोळ्यांना घाबरणाऱ्यांवर जर्मनीत आणखी साधा प्रयोग झाला. कुणाला सकाळी आठला बोलावलं, कुणाला संध्याकाळी सहाला. सकाळचे जास्त सुधारले, कारण सकाळी शरीरातलं स्वतःचं कॉर्टिसॉल चढतं असतं. पण हे भीतीच्या आजारांचं झालं. तुमच्या मिस्टरांना कोळ्याची भीती नाही. यातून तुम्ही घ्यायचं ते इतकंच की गुरुवार संध्याकाळ सहा ही वेळ वाईट आहे. दिवसभर बागेत राबून, अंगाला गंधकाचा वास घेऊन, पंचवटीत ट्रॅफिकमध्ये अडकून आलेला माणूस सहा वाजता काय उघडणार? मॅडमकडे अकराची वेळ मागा. सकाळची फवारणी उरकते, ऊन चढलं की तसंही बागेत फारसं काही होत नाही.

आता बाटलीचं. खरं ऑक्सिटोसिन डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध आहे आणि ते दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं. दवाखान्यात आम्ही ते फ्रिजमध्ये ठेवतो. कुरिअरच्या टेम्पोतून नाशिकच्या उन्हात फिरून आलेल्या बाटलीत काय उरलंय, किंवा मुळात काय होतं, हे तपासायची सोय ना तुमच्याकडे, ना भाच्याकडे. रक्तात ते काही मिनिटांतच निम्मं होतं. नाकातून मेंदूपर्यंत नेमकं किती पोचतं यावर संशोधकांचं अजून भांडण चालू आहे. नैराश्य किंवा समुपदेशन यासाठी ते आपल्याकडे मंजूर नाही. आणि हे सगळं जमून आलं असतं तरी माझं उत्तर तेच राहिलं असतं, कारण तुम्ही ते त्यांना न सांगता देणार होतात. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा उपचाराआधी माणसाची समजून-उमजून दिलेली संमती मागतो, हे एक. दुसरं कायद्याचं नाही. हा माणूस तीन वर्षं कुणासमोर उघडा पडलेला नाही. एक दिवस त्याला कळलं की आपल्या नाकातल्या औषधात बायकोनं काहीतरी मिसळलं होतं, तर तो पुन्हा टपरीवर बसेल का तुमच्याशेजारी? आणि कळतंच, ताई. भाच्याच्या पोटात काही राहत नाही.

तिसरा प्रश्न तुम्ही सर्वांत शेवटी विचारलात, आणि तोच खरा होता. बोलणं त्यांचं की बाटलीचं? कबूल करते, मी नैराश्यावर गोळ्या देते आणि त्या घेऊन माणूस हसायला लागला की ते हसू त्याचंच असतं, माझ्या चिठ्ठीचं नसतं. आजार बाजूला झाला की मूळ माणूस दिसतो, इतकंच. त्यामुळे औषधानं आलेलं सगळं खोटं असं मी म्हणणार नाही. पण तुमचा प्रश्न औषधाचा नाहीच. तुम्हाला विचारायचंय की याला माझ्याशी बोलावंसं वाटतं की नाही. त्याचं उत्तर तुम्हीच पत्रात लिहून पाठवलंय आणि पुढच्या ओळीत भाच्याकडे वळलात.

“सगळे कावळ्यासाठी वर बघत होते, मी ढग बघत होतो.”

हे वाक्य मी तीनदा वाचलं. बापाचा दहावा चालू असताना आपल्या डोक्यात डाऊनी होता, याची लाज तो माणूस तीन वर्षं वागवतोय. कावळा शिवला नाही तो माझ्यामुळेच, असंही मनात असेल. आपल्याकडे तसं वाटायला वेळ लागत नाही. वर ज्या बागेसाठी हे केलं, ती बागही गेली. हे त्यानं पाऊण तासाचे पैसे मोजलेल्या खोलीत सांगितलं नाही. बाकड्यावर सांगितलं, तुम्हाला, तुमच्याकडे न बघता, दोघांचीही तोंडं रस्त्याकडे असताना, हातात गरम कप असताना. पान्हा तिथे उतरला. तुम्हाला तो दिसला नाही, कारण तुम्ही चरवी कॉलेज रोडला ठेवली होती. (गाईची उपमा मिस्टरांना सांगू नका. सांगितलीच तर माझं नाव घेऊ नका.)

तेव्हा टपरी सोडू नका. सत्र चुकलं तर चालेल, चहा चुकवू नका. समोरासमोर नाही, शेजारी बसा. पुन्हा काही बोलले तर लगेच “मग तुम्हाला काय वाटलं?” असं विचारू नका, ते वाक्य आता त्यांच्यासाठी मॅडमचं झालंय. “मग?” एवढं पुरतं. किंवा काहीच नको, आणखी एक प्लेट भजी सांगा. मॅडमना कावळ्याचं सांगायचं का, हे त्यांनाच विचारा. “मी सांगू, की तुम्ही सांगाल, की राहू दे?” ‘राहू दे’ म्हणाले तर खरंच राहू द्या. मॅडमना एवढं मात्र सांगा की एखादं सत्र त्यांनी एकट्या मिस्टरांबरोबर, खुर्च्या तिरप्या करून किंवा बाहेर चालत घ्यावं. चांगली समुपदेशक याचं वाईट वाटून घेत नाही.

आता ज्याबद्दल मला खरी काळजी वाटते ते. रात्री दोनला जाग, जेवण निम्मं, तीन वर्षं. हे फक्त दुःख किंवा स्वभाव नाही, हे नैराश्य असण्याची दाट शक्यता आहे. समुपदेशक औषध लिहून देऊ शकत नाहीत. एकदा मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. मॅडमच नाव सुचवतील. जिल्हा रुग्णालयातही सोय असते. गोळ्या लागल्या तर फरक दिसायला काही आठवडे जातात आणि बरं वाटलं की मध्येच बंद करायच्या नसतात. थायरॉईडची तपासणीही करून घ्या, तेही हार्मोनच आहे आणि बिघडलं की माणूस असाच मंद होतो.

आणि एक प्रश्न तुम्हीच विचारायचा आहे, सरळ शब्दांत, बाकड्यावर बसून: “जगणं नको असं मनात येतं का?” विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. असलाच तर बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं, किंवा नुसतंच गप्प बसले, तरी त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. रात्री-अपरात्री १४४१६ या टेलि-मानसच्या नंबरवर फोन करा. फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात.

द्राक्षवाल्यांच्या घरी फवारणीच्या औषधांची एक खोली असते, नाहीतर मोटरीच्या शेडमध्ये एक कपाट. तुमच्याकडेही असेल. रात्री दोनला बागेत चक्कर मारणाऱ्या माणसाच्या वाटेत ती उघडी नको. कुलूप लावा. किल्ली दिराकडे किंवा शेजारच्या वस्तीवर द्या, फवारणी असेल त्या दिवशी मागवून घ्या. मिस्टरांना ‘लहान मुलं आहेत घरात’ असं सांगा. ते खोटंही नाही. पत्राच्या उत्तराला वेळ लागतो हे मला माहीत आहे. म्हणून अकराची वेळ, तज्ज्ञ, थायरॉईड, सगळं गुरुवारी बघा. किल्ली आज रात्री.